बाबांसाठी बोलणारं मशीन घ्यायचंय, कोणतं घेऊ?

देवगडकरीण | ४ जून, रात्री ११.५२

नमस्कार मंडळी, इथे पहिल्यांदाच लिहितेय, चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

बाबांना जानेवारीत पॅरालिसिसचा अटॅक आला. वय ६३. डाव्या बाजूला मेंदूत गुठळी, त्यामुळे उजवा हात उजवा पाय गेला आणि बोलणं गेलं. आधी कणकवली, तिथून गोव्याला बांबोळीच्या हॉस्पिटलात, पंधरा दिवस तिथे काढले, मग घरी आणलं. पाय बराच आलाय, काठी टेकत पडवीपर्यंत येतात. हात अजून लटकतोच. बोलणं मात्र नाही ते नाहीच.

बाबा तांडेल, म्हणजे होडीचे कप्तान. चाळीस वर्षं समुद्रावर, आवाज असा की जेटीवरून खलाशाला हाक मारली तर आमच्या घरात ऐकू यायची आणि घर आमचं पार वर चढणीवर आहे. आता दिवसभरात तोंडातून तीनच गोष्टी येतात. "ता ता ता", मग "नाय", आणि तिसरी शिवी. शिवी एकदम स्वच्छ हो, "आवशीक खाव", कुठे अडखळणं नाही की काही नाही. बांबोळीला डॉक्टर राउंडला आले तर त्यांनाही घातली, डॉक्टर गोव्याचे, त्यांना बरोब्बर कळली आणि ते हसले म्हणून आमची अब्रू वाचली.

आई म्हणते शिवी देता येते म्हणजे बोलता येतं, मुद्दाम गप्प बसतात, आमच्यावर रागावलेत. आणि खरं सांगू का, मलाही कधीकधी तसंच वाटतं, कारण संध्याकाळी आई दिव्यापाशी गणपतीची आरती म्हणते तेव्हा हे पडवीतून पहिलं कडवं अख्खं म्हणतात! शब्द न् शब्द. मग पाणी का मागता येत नाही?

आता मुद्दा. एका विक्रेत्याने व्हॉट्सॲपवर व्हिडिओ पाठवलाय, बोलणारा टॅबलेट, ८५ हजार. म्हणतो स्टीफन हॉकिंग ज्यावर बोलायचे तसलंच, आपण टाइप करायचं आणि ते बोलतं. भाऊ म्हणतो कर्ज काढू. मासेमारीची बंदी चालू आहे, होडी शाकारून ठेवलीय, घरात पैसा नाही आणि होडीच विकायचं चाललंय. मी ठाण्याला नोकरीला, महिन्यातून दोनदा कोकणकन्या पकडून जाते तेवढंच. कोणी असलं मशीन वापरलंय का? मराठी बोलतं का नीट? आमच्याकडे नेटची बोंब आहे, पावसात लाइटची पण. लवकर सांगा, तो माणूस म्हणतो ऑफर १५ तारखेपर्यंतच.

---

वाचावाली_रत्नागिरी | ५ जून, सकाळी ७.१०

ताई, मी स्पीच थेरपिस्ट आहे, रत्नागिरीत प्रॅक्टिस करते. सगळ्यात आधी, त्या माणसाला एक रुपया देऊ नका. मशीन वाईट असेल असं नाही म्हणत, पण तुमच्या बाबांचं आणि हॉकिंगचं दुखणं एकच नाहीये आणि ते त्याने तुम्हाला सांगितलं नाही, किंवा त्यालाही माहीत नसेल.

हॉकिंगना एएलएस होता. त्यात स्नायू जातात, भाषा जात नाही. डोक्यात वाक्य पूर्ण तयार, फक्त ते बाहेर काढायला जीभ नाही, ओठ नाही, आणि १९८५ मध्ये श्वासासाठी गळ्याला भोक पाडावं लागलं तेव्हा उरलासुरला आवाजही गेला. अशा माणसाला अक्षरं निवडायची सोय करून दिली की तो बोलतो, अगदी गालाच्या एका स्नायूवर बोलतो. तुमच्या बाबांना, तुम्ही लिहिलंय त्यावरून, अफेझिया वाटतोय, मराठीत वाचाघात म्हणतात. (न बघता निदान करता येत नाही, हे आधीच सांगते.) यात भाषेचं केंद्रच दुखावतं. काय म्हणायचं ते माहीत असतं, माणसं ओळखतात, राग कळतो, पण शब्द हाताला लागत नाही. आणि ज्या जागेवरून बोलायचा शब्द येतो तिथूनच लिहायचाही येतो, त्यामुळे बहुतेकांचं लिहिणंसुद्धा तेवढंच बिघडतं. म्हणजे टाइप करून बोलणारं मशीन त्यांच्यापुढे ठेवलं तर ते त्याच्याकडे बघत बसतील, आणि घरातले म्हणतील बघा एवढे पैसे घातले तरी वापरत नाहीत.

आता ते "ता ता ता". १८६१ साली पॅरिसमध्ये पॉल ब्रोका नावाच्या सर्जनकडे एक पेशंट आला, त्याला वर्षानुवर्षं एकच शब्द यायचा, "तान". हॉस्पिटलात त्याचं नावच तान पडलं होतं. आणि लोकांना आपलं म्हणणं कळलं नाही की तो चिडून एक शिवी हासडायचा, ती मात्र स्पष्ट! तो वारल्यावर ब्रोकाने त्याचा मेंदू बघितला, डाव्या बाजूला पुढे इजा झालेली. त्या भागाला आजही ब्रोकाचंच नाव आहे. तेव्हा तुमच्या बाबांचं हे दीडशे वर्षांपूर्वीपासून पुस्तकात आहे, आईंना सांगा मुद्दाम करत नाहीत, अजिबात नाही. शिव्या, आरती, एक ते दहा आकडे, सोमवार मंगळवार, हे सगळं तोंडात बसलेलं असतं, ते शब्द शोधून जुळवावे लागत नाहीत, आपोआप घरंगळत येतात. गाण्याला तर मेंदूची उजवी बाजूही हात देते. म्हणून तर १९७० च्या दशकापासून चाल लावून बोलायला शिकवायची एक थेरपीच आहे. आरती बंद करू नका.

मला आधी हे सांगा. एक, "आपण देवगडात राहतो का?" "तुम्ही बाई आहात का?" असे ज्यांची उत्तरं पक्की माहीत आहेत असे दहा प्रश्न विचारा आणि हो-नाही बरोबर येतं का बघा, कारण वाचाघातात "नाय" तोंडातून निघतं आणि मनात हो असतं असं खूप वेळा होतं. दोन, मच्छीचे फोटो मांडून "सुरमई दाखवा" म्हटलं तर दाखवतात का. तीन, स्वतःचं नाव लिहिलेलं ओळखतात का. चार, ताटातला उजवीकडचा भात तसाच राहतो का. हा चौथा प्रश्न विचित्र वाटेल पण डाव्या मेंदूच्या अटॅकमध्ये काहींना उजवीकडचं दिसतच नाही, आणि मग आपण चित्रं उजवीकडे मांडून बसतो.

---

चिपळूणची_आई | ५ जून, दुपारी २.३५

मॅडमनी सगळं सांगितलंच आहे, मी फक्त घरातलं सांगते. माझा मुलगा ११ वर्षांचा, सेरेब्रल पाल्सी, तोंडाने बोलत नाही पण बोलतो भरपूर.

आम्ही तीन वस्तू विकत घेऊन तीनही कपाटात टाकून झाल्यावर शहाणे झालो. आता जे चालतं ते म्हणजे जेलो नावाचं ॲप, आयआयटी मुंबईच्या डिझाइनवाल्यांनी बनवलेलं, फुकट आहे, मराठी आहे, चित्र दाबलं की बोलतं. चेन्नईत तयार झालेलं आवाज नावाचं पण आहे, त्याला पैसे पडतात, आमच्या ओळखीतल्या एका मुलीला ते बरं पडलं. पण ताई, आमची खरी मालमत्ता म्हणजे पुठ्ठा. चित्रं चिकटवलेला, लॅमिनेशन केलेला पुठ्ठा.

२०२१ च्या २२ जुलैला चिपळूणला पूर आला तेव्हा आमच्या तळमजल्यात छतापर्यंत पाणी. टॅबलेट गेला, फ्रिज तर तरंगत जाऊन दुसऱ्या खोलीत आडवा. मुलाला घेऊन वरच्या शेजाऱ्यांकडे दोन रात्री, लाइट नाही, नेटवर्क नाही, आणि पोराला सांगायचं होतं की त्याचं पोट दुखतंय, ते मला सहा तासांनी कळलं. पाणी उतरल्यावर चिखलात पुठ्ठा सापडला, नळाखाली, म्हणजे टँकरच्या पाण्याने, धुतला आणि लगेच चालू. त्याने पहिल्यांदा कशावर बोट ठेवलं असेल? "घाण". खरंच होतं.

तर पुठ्ठा. त्याच्यावर काय लिहायचं हे मात्र नीट ऐका कारण इथेच सगळे चुकतात, आम्ही पण चुकलो. सगळे काय करतात तर पाणी, जेवण, संडास, औषध, दुखतंय अशी सहा चित्रं लावतात. हा बोर्ड पेशंटचा नाही, सांभाळणाऱ्याचा झाला. माणूस दिवसभर काय फक्त पाणी आणि संडास बोलतो का? आपण जे बोलतो त्यातलं ८० टक्के दोन-तीनशे साध्याच शब्दांत उरकतं, मी, तू, नको, अजून, चल, दे, कुठे, थांब, असले. माझ्या मुलाने सगळ्यात आधी जे चित्र झिजवलं ते "नको" आणि दुसरं "तू गप्प". तुमचे बाबा तांडेल ना, मग त्यांना हुकूम सोडायला शब्द द्या, भांडायला शब्द द्या. जाळी, इंजिन, डिझेल, बर्फ, खलाशांची नावं, वारा. चित्रं आरासाक नावाच्या साइटवर फुकट मिळतात, स्पेनमधल्या आरागॉन सरकारची आहे, पण तिथे ब्रेड मिळेल, पेज आणि उकड्या तांदळाचा भात नाही मिळणार, तर मोबाइलने स्वतःच फोटो काढा. मी तर आमच्या आजीचा रागावलेला फोटो "राग"ला लावलाय, मुलगा खदाखदा हसतो.

आणि दुसरं, तुम्ही स्वतः बोर्डवर बोट ठेवून बोला. त्यांच्यापुढे बोर्ड ठेवून "दाखवा, दाखवा" करत बसलात तर ती परीक्षा झाली. आईंनी चहा देताना स्वतः "चहा" वर बोट ठेवायचं, भाऊ चिडला तर त्याने "राग" वर. आपण बाळाशी वर्षभर बोलतो तेव्हा ते एक शब्द बोलतं, हे तसंच आहे, पण मोठ्या माणसाशी असं करायला घरच्यांना लाज वाटते. माझ्या सासऱ्यांना चार महिने लागले.

लॅमिनेशन जाड करून घ्या आणि कडा परत सेलोटेपने बंद करा नाहीतर आषाढात आतून बुरशी येते.

---

रापणकार_मालवण | ५ जून, रात्री ९.०५

ताय, मी मालवणचो. माझ्या काकाक पण असाच झालेला. माका वाटता मशीन बिशीन, पुठ्ठो बिठ्ठो काय करू नको. एकदा बोट दाखवची सवय लागली काय माणूस तोंड उघडूचो नाय. आमी काकाक सांगलेला, बोल पाणी, मगेच देतंय. दोन वर्सांनी "पानी" बोलाक लागलो. मेहनत करूक व्हयी.

---

वाचावाली_रत्नागिरी | ५ जून, रात्री ९.४८

दादा, ही भीती मला रोज कोणीतरी बोलून दाखवतं त्यामुळे राग नाही. पण उलट आहे. २००६ मध्ये काही संशोधकांनी चित्रं-खुणा-मशीन वापरणाऱ्या २७ जणांच्या नोंदी नीट तपासल्या, बहुतेक मुलंच होती त्यात, तर ८९ टक्क्यांचं बोलणं थोडंफार वाढलं, बाकीच्यांचं होतं तसंच राहिलं, आणि कमी झालेला एकही नव्हता. मोठ्यांच्या बाबतीतही मी इतक्या वर्षांत चित्रांमुळे कोणाचं बोलणं थांबलेलं बघितलं नाही. कारण साधं आहे, जीव मेटाकुटीला आला की शब्द अजून लांब पळतो. पाणी मिळालेलं असलं, घाई नसली, की कधीतरी तो आपसूक येतो.

---

रापणकार_मालवण | ५ जून, रात्री १०.२०

काका गेलो गेल्या वर्सा. दोन वर्सा तेका पाण्यासाठी रडवलो आमी. तेव्हा कोणी सांगला नाय.

ताय, तू पुठ्ठो कर.

---

गुहागरचे_मास्तर | ६ जून, पहाटे ५.१५

मी रिटायर्ड शिक्षक, गुहागर. माझं दुखणं वेगळं, घशाचा कॅन्सर (तंबाखू, दुसरं काय), स्वरयंत्र काढून टाकलं, आता गळ्याच्या भोकातून श्वास घेतो. माझी भाषा शाबूत, वारा गेला. गळ्याला लावायचं व्हायब्रेटर मशीन वापरतो, इलेक्ट्रोलॅरिंक्स, ते गुरगुरतं आणि तोंड हलवून मी त्याचे शब्द करतो. एकसुरी आवाज. पहिल्यांदा एसटीत तिकीट मागितलं तर कंडक्टर स्वतःचा फोन शोधायला लागला. शिमग्यात पोरांना वाटलं मास्तरांनी सोंग घेतलंय, पाच रुपये दिले मला. ते परत नाही केले.

काहींना गळ्यात छोटा व्हॉल्व्ह बसवतात, फुप्फुसातली हवा अन्ननलिकेत जाते आणि आवाज निघतो, तो पुष्कळ बरा वाटतो ऐकायला, पण परदेशी व्हॉल्व्ह महाग आणि काही महिन्यांनी बदलावे लागतात. बंगळुरूच्या डॉ. विशाल राव यांनी साधारण ५० रुपयांत बसेल असा व्हॉल्व्ह केला, औम नावाचा. ढेकराच्या हवेवर बोलायला शिकणारेही असतात, मला नाही जमलं.

हे सगळं तुमच्या वडिलांच्या उपयोगाचं नाही हे मला कळतं. तरी लिहितोय ते एवढ्यासाठी की बोलता न येणाऱ्या माणसांची एकच जात असते असं दुकानदारांना वाटतं. मला पण कोणीतरी चित्रांचा बोर्ड आणून दिला होता, त्यावर केळ्याचं चित्र. अहो मी चाळीस वर्षं व्याकरण शिकवलंय.

हॉकिंगचं निघालंय म्हणून सांगतो, त्यांचा आवाज गेल्यावर पहिले काही दिवस त्यांच्याकडे मशीन नव्हतंच. अक्षरांचा तक्ता असायचा, समोरचा एकेक अक्षर दाखवायचा आणि बरोबर अक्षर आलं की ते भुवई उडवायचे. कॉम्प्युटर त्यानंतर आला, आणि त्यावरसुद्धा सुरुवातीला मिनिटाला पंधराएक शब्दच. आपण बोलतो मिनिटाला शंभरावर. म्हणजे समोरच्याने थांबायला शिकलं पाहिजे, थांबणं ही गोष्ट कुठल्याच मशीनबरोबर येत नाही. माझ्याशी फोनवर बोलताना लोक माझं वाक्य संपायच्या आत "बरं बरं, ठेवतो" म्हणतात.

---

देवगडकरीण | ८ जून, रात्री १०.३०

सगळ्यांचे खूप आभार, आईला वाचून दाखवलं फोनवर, ती रडली, ते तान वालं ऐकून जास्त. मॅडम, भावाने प्रश्न विचारले. दहापैकी आठ बरोबर, पण तोंडाने नाही, मानेने. तोंडाने दहाही वेळा "नाय". मच्छी सगळी ओळखली, पापलेट सोडून, भाऊ म्हणतो फोटोच वाईट होता. स्वतःचं नाव ओळखलं, होडीचं पण. आणि ताटाचं तुम्हाला कसं कळलं? उजवीकडची भाजी रोज राहते, आईला वाटायचं आवडत नाही.

८५ हजारवाल्याला नाही म्हणून सांगितलं, लगेच ६० वर आला.

---

वाचावाली_रत्नागिरी | ९ जून, सकाळी ७.३०

६० वरून ४० वर पण येईल, येऊ दे.

हे उत्तर खूप चांगलं आहे ताई. समजतंय बरंच, वाचतात थोडं, मान भरवशाची. आता बोर्ड डाव्या बाजूला, डाव्या हाताला पोचेल असा, चित्रं उभ्या रांगेत, एका वेळी सहा-आठच, हळूहळू वाढवा. आणि एक वही पेन कायम पडवीत. काही विचारायचं असेल तर दोन-तीन शब्द मोठ्या अक्षरात एकाखाली एक लिहायचे, "होडी / पैसे / डॉक्टर", आणि बोट ठेवू द्यायचं, शेवटी "दुसरं काहीतरी" हा पर्याय हवाच, नाहीतर आपणच त्यांच्या तोंडी शब्द घालतो. टीव्ही बंद. एकावेळी एकच माणूस बोलेल.

मुंबईला वांद्र्याला अली यावर जंग संस्था आहे, केंद्र सरकारची, बोलण्या-ऐकण्याच्या अपंगत्वासाठीच, १९८३ पासून. तुम्ही ठाण्याला आहात तर सगळे रिपोर्ट आणि बाबांचे दोन-तीन व्हिडिओ घेऊन एकदा जाऊन या, आठवड्याला बाबांना आणणं शक्य नसलं तर पुढची थेरपी व्हिडिओवर कशी करता येईल ते विचारा. पहिल्या काही महिन्यांत सुधारणा भराभर होते हे खरं, पण नंतर दार बंद होतं असं नाही, वर्षांनंतरही शब्द येतात. आणि सर्टिफिकेट: २०१६ च्या कायद्यात जी २१ अपंगत्वं आहेत त्यात वाचा आणि भाषा वेगळी धरलीय, वाचाघात आणि मास्तरांसारखं स्वरयंत्र काढलेलं, दोन्हींचा त्यात नाव घेऊन उल्लेख आहे. हात-पायाचंही होईल. स्वावलंबन पोर्टलवर यूडीआयडीचा, म्हणजे अपंगत्वाच्या ओळखपत्राचा, अर्ज करा. तांत्रिक कारणाने परत पाठवतील एकदा, धीर सोडू नका.

---

देवगडकरीण | १९ ऑगस्ट, रात्री ११.१५

परत आलेय. बऱ्याच जणांनी मेसेज करून विचारलं म्हणून लिहिते.

पुठ्ठा केला. पहिले तीन आठवडे बाबांनी त्याच्याकडे ढुंकून पाहिलं नाही, एकदा तर पडवीतून अंगणात भिरकावला. आईने चिपळूणच्या ताईंनी सांगितलं तसं आपलं चालू ठेवलं, स्वतःच बोट ठेवून बोलायची, शेजारचे हसायचे. मग एके दिवशी भाऊ त्याच्या मित्राबरोबर होडीच्या गिऱ्हाइकाबद्दल बोलत होता, बाबांनी काठीने बोर्ड ओढला आणि "होडी" वर बोट आणि मग "नको" वर. दोनदा. भाऊ म्हणाला काय नको, विकायची नको? मान हलवली. आणि मग शिवी घातली, पण ती योग्य जागी होती.

नंतर फोनवर जेलो टाकलं. आवाज मराठी आहे, स्वच्छ आहे, पण बाबांनी ऐकून तोंड फिरवलं. भाऊ म्हणाला बरोबर आहे, ही तर बातम्या सांगणारी बाई, बाबा "मला पाणी हवे आहे" असं जन्मात बोललेत का? "पाणी हाड" (म्हणजे आण) म्हणायचे. मग आम्ही एक साधं ॲप शोधलं ज्यात बटणावर आपला आवाज रेकॉर्ड करून टाकता येतो, नेट लागत नाही. काका येऊन रेकॉर्ड करून गेले, मालवणीतून, ते चाललं थोडं.

आणि मग माझ्या लक्षात आलं. माझ्या व्हॉट्सॲपवर बाबांचे जुने व्हॉइस मेसेज आहेत. अटॅकच्या आधीचे, दोन-अडीच वर्षांचे. बाबांना टाइप करायचा कंटाळा, सगळं बोलूनच पाठवायचे. मी एका रविवारी बसले आणि सगळे ऐकले. सगळे नाही, अर्धे, पुढे ऐकवेना. भावाकडे आणि खलाशांकडे पण निघाले, भावाकडचे तर बहुतेक ओरडलेलेच. "बर्फ किती घेतलंस?" "खंय आसस?" "जेवलंस काय?" "वारो फिरलो, भायर जाव नको." असे बावीस तुकडे कापले आणि बटणांवर टाकले, प्रत्येकावर फोटो. डाव्या बाजूला उभे, मॅडम.

पहिल्यांदा दाबलं आणि स्वतःचा आवाज ऐकला तेव्हा फोन खाली ठेवला आणि आत निघून गेले. मला वाटलं चुकलंच आपलं. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला भावाच्या उशापाशी बाबांचा आवाज, "बर्फ किती घेतलंस?" भाऊ ताडकन उठून बसला, त्याला दोन सेकंद कळेचना साल कुठलं चाललंय.

आता ते वाक्य सगळ्याला वापरतात. भाऊ उशिरा आला, "बर्फ किती घेतलंस?" आईने भाजी खारट केली, "बर्फ किती घेतलंस?" कलेक्टर ऑफिसातून सर्टिफिकेटसाठी फोन आला त्या बाईंना पण. बंदी १ ऑगस्टला उठली, नारळी पौर्णिमेनंतर होडी काढली, विकली नाही, भाऊ आणि दोघं खलाशी जातात. बाबा जेटीवर बाकड्यावर बसतात, गळ्यात फोन प्लास्टिकच्या पिशवीत. लिलावाच्या वेळी भाऊ फोन काढून घेतो कारण मधेच दाबतात आणि भाव बिघडतो.

तोंडाने नवीन शब्द दोन आलेत. "चाय" आणि माझं घरातलं नाव, ते इथे सांगत नाही.

एक मदत हवीय. भाच्याने खेळता खेळता तीन बटणं उडवली, नशीब मूळ तुकडे माझ्याकडे होते. फोनमध्ये तेवढं एकच ॲप उघडं राहील, बाहेर जाता येणार नाही असं काही करता येतं का? साधा अँड्रॉइड आहे.

---

चिपळूणची_आई | २० ऑगस्ट, सकाळी ६.५०

येतं की. सेटिंग्जमध्ये सिक्युरिटीत जाऊन स्क्रीन पिनिंग किंवा ॲप पिनिंग शोधा, ते चालू करा, मग ॲप उघडून पिन करा, बाहेर पडायला पासवर्ड लागेल असं टिकमार्क करा. पण ॲपच्या आतली बटणं पुसायला त्याने अडणार नाही, त्यासाठी ॲपमध्येच एडिटला लॉक असतं का बघा. आणि बावीस तुकड्यांची कॉपी पेनड्राइव्हवर, ईमेलवर, भावाच्या फोनवर, तीन ठिकाणी ठेवा. ठाण्यालाही एक ठेवा. मी पूर बघितलाय.

---

रापणकार_मालवण | २० ऑगस्ट, सकाळी ८.१२

ताय, पिशयेत फोन घामटता. आमी होडयेर जाताना साधी पिशयी नाय, वॉटरप्रूफ पाऊच वापरतंव, गळ्यात घालूची दोरी वांगडा येता. मालवणात दीडशेक गावता. तुका व्हयो तर धाडतंय, बापाशीच्या फोनाचो साइज सांग.